जिथे तार संपते, तो थांबा

सिडनीच्या टाउन हॉल थांब्यावर ट्राम आली की सगळे दाराकडे बघतात. तुम्ही टपाकडे बघा. बंदराकडून, म्हणजे सर्क्युलर कीच्या बाजूने आलेली लाल गाडी थांब्याला लागते, दारं उघडतात, चढउतार सुरू होते, आणि तेवढ्यात टपावर घडी घालून ठेवलेला पँटोग्राफ उठतो. सावकाश, उलगडत उलगडत वर जातो आणि तारेला टेकतो. या गाडीच्या मागे तशीच दुसरी गाडी जोडलेली असते, तिच्याही टपावर तेच. मग दारं मिटतात, घंटा होते आणि गाडी चायनाटाउनच्या दिशेने निघते. समोरून येणारी गाडी इथेच नेमकं उलटं करते. पँटोग्राफ खाली घेते, मिटवते आणि बिनतारेच्या रस्त्यावरून बंदराकडे चालू लागते. धूर नाही, इंजिनाची घरघर नाही, वर तार नाही. तरी ६७ मीटर लांबीचं धूड चाललंय!

चालतंय कशावर? हा प्रश्न पडला आणि माझ्या सिडनीच्या मुक्कामाचा नूरच पालटला. लेकीकडे गेले होते ती नातवासाठी. ऑपेरा हाऊस, हार्बर ब्रिज, ब्लू माउंटन्स ही यादी तर ठरलेलीच होती. ती सगळी ठिकाणं बघितली आणि ती सुंदरच आहेत, त्यात वादच नाही. पण मला वेड लावलं ते भर बाजारपेठेतल्या, ऑफिसांच्या उंच इमारतींमधल्या या एका ट्रामच्या थांब्याने. तिथे कुणी भेटलं की मी त्याबद्दल बोलायचे, इकडे परत आल्यावरही तेच चाललंय, आणि आता लिहायलाच बसले आहे.

"अगं, पण ही चालते कशावर?" मी लेकीला विचारलं.

"करंट खालून येतो, आई. रस्त्यातून."

"रस्त्यातून? माणसं चालतायत की त्यावरून!"

खरंच चालत होती. बाबागाडी ढकलणाऱ्या आया, हातात कॉफी घेतलेले ऑफिसवाले, शाळकरी पोरं, काठी टेकत जाणारे आजोबा, सगळे बिनधास्त रूळ ओलांडत होते. मी वाकून बघितलं. दोन रुळांच्या बरोब्बर मध्ये, फरसबंदीच्या पातळीत बसवलेली एक सपाट पट्टी दूरवर गेलेली. ती अखंड नाही. काही मीटरांचा धातूचा तुकडा, मग वीज न वाहणारा छोटा तुकडा, मग पुन्हा धातू. पावसाचं पाणी त्यावरून ओघळून चाललं होतं आणि एक कबूतर त्यावर खुशाल बसलं होतं.

जावयांनी मग रात्री जेवताना सगळं नीट समजावून सांगितलं. ते इंजिनीअर, त्यामुळे कागदावर आकृती काढूनच. ट्रामच्या पोटाखाली वीज उचलणारे बूट असतात, ते या पट्टीवरून घासत जातात. ट्राम खालच्या बाजूला एक सांकेतिक संदेश सतत सोडत असते. जमिनीत पुरलेल्या पेट्या तो ओळखतात आणि गाडीने ज्या तुकड्याला वरून पूर्ण झाकलंय, तेवढ्याच तुकड्यात ७५० व्होल्टचा प्रवाह सोडतात. गाडी पुढे सरकली की तो तुकडा ताबडतोब बंद, आणि नुसता बंद नव्हे, तर जमिनीला जोडलेला. पुढचा, मागचा, शेजारचा, सगळे तुकडे मेलेले. वीज फक्त गाडीच्या सावलीत. पालखी पुढे जाते तशा पुढे पायघड्या अंथरत जावं आणि मागच्या लगेच गोळा कराव्यात, अगदी तसं! एखादा तुकडा बिघडलाच तर गाडीतली बॅटरी तिला तेवढ्यापुरती पार नेते.

ही युक्ती फ्रेंच. बोर्दो शहरात २००३ साली ती पहिल्यांदा रस्त्यावर आली. सिडनीने ती अल्स्टॉम कंपनीच्या गाड्यांबरोबर घेतली आणि सर्क्युलर की ते टाउन हॉल या जवळपास दोन किलोमीटरच्या पट्ट्यात वापरली. टाउन हॉलच्या पुढे नेहमीची तार. म्हणून तो पँटोग्राफ नेमका याच थांब्यावर वरखाली होतो. रोज हजारो माणसांच्या डोक्यावर हा प्रकार घडतो आणि मान वर करून बघणारी बहुधा मी एकटीच होते.

पण इतका खटाटोप कशासाठी? तार टाकून मोकळं व्हायचं, स्वस्तात झालं असतं. याचं उत्तर त्याच थांब्यावर उभं राहून मिळतं. एका हाताला टाउन हॉल, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली वालुकाश्माची इमारत, मधाच्या रंगाची, घड्याळाचा मनोरा मिरवणारी. तिच्या शेजारी सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल, १८६८ सालचं, ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात जुनं कॅथीड्रल. आणि उत्तरेकडे क्वीन व्हिक्टोरिया बिल्डिंग, १८९८ सालची, रस्त्याच्या एका चौकापासून थेट दुसऱ्या चौकापर्यंत पसरलेली, तांब्याच्या घुमटांची. घुमट हिरवे पडलेत आणि त्यांच्या मागे निळं आकाश. त्या घुमटांच्या आणि आपल्या डोळ्यांच्या मध्ये एकही तार नाही, एकही खांब नाही. डोळे निवतात म्हणजे काय, ते मला त्या रस्त्यावर कळलं. मुंबईत फोर्टात मी आयुष्यभर वावरले. तिथल्या इमारती याहून कमी सुंदर नाहीत, उलट काही तर जास्तच. पण केबलच्या जुड्या, होर्डिंग आणि गाड्यांच्या रांगा यांच्या मधून त्या बघाव्या लागतात.

जॉर्ज स्ट्रीट हा तो रस्ता. ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात जुन्या रस्त्यांपैकी एक. गव्हर्नर मॅक्वारीने १८१० साली त्याला राजा तिसऱ्या जॉर्जचं नाव दिलं. त्याच्याही आधी हजारो वर्षं ही भूमी गॅडिगल लोकांची, आणि जवळच २०२४ साली सुरू झालेल्या मेट्रो स्टेशनला आता गॅडिगल हेच नाव आहे, हे मला फार आवडलं. टाउन हॉल ज्या जागेवर उभा आहे तिथे १७९२ ते १८२० या काळात शहराचं पहिलं दफनस्थान होतं. आणि थांब्याच्या पोटात, जमिनीखाली, १९३२ पासून लोकलचं टाउन हॉल स्टेशन आहे. आम्ही वेस्टमीडहून लोकलने यायचो ते तिथेच उतरायचो. सरकत्या जिन्यांनी वर वर यायचं, डोळ्यांवर ऊन आलं की समोर थांबा. खाली आगगाडी, वर ट्राम, मधे शहराचे पूर्वज. एवढ्याशा जागेत!

आता जरा मागचं सांगते, कारण ते कळल्यावर या थांब्याची किंमत दहा पटींनी वाढली माझ्या लेखी. या रस्त्यावर ट्राम ही नवलाई नाहीच. विजेवरची ट्राम जॉर्ज स्ट्रीटवर १८९९ सालीच धावायला लागली होती. १९२३ मध्ये सिडनीत २९१ किलोमीटरचं ट्रामचं जाळं होतं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी वर्षाला ४० कोटी प्रवास ट्रामने होत होते. मग मोटारींचे दिवस आले. ट्राम म्हणजे वाहतुकीतला अडथळा, असं ठरलं. एकेक मार्ग उखडला गेला. जॉर्ज स्ट्रीटवरची ट्राम १९५८ मध्ये गेली, आणि २५ फेब्रुवारी १९६१ रोजी ला पेरूजच्या मार्गावर शेवटची ट्राम धावली. रँडविकच्या कारखान्यात तर कितीतरी गाड्यांचे सांगाडे जाळून टाकले. त्याच सुमारास क्वीन व्हिक्टोरिया बिल्डिंग पाडून तिथे मोकळा चौक आणि खाली गाड्यांसाठी पार्किंग करायचा प्रस्ताव होता, हे ऐकून तर माझ्या अंगावर काटा आला. ती वाचली, तिचा जीर्णोद्धार झाला, १९८६ मध्ये ती पुन्हा उघडली. ट्राम मात्र वाचली नाही.

आणि हे ऐका. ऑपेरा हाऊस आज ज्या जागी उभं आहे, त्या बेनेलाँग पॉइंटवर आधी काय होतं? ट्रामचा डेपो! १९०२ सालचा, किल्ल्यासारखे बुरूज असलेला. तो १९५८ मध्ये पाडला आणि मग तिथे ऑपेरा हाऊसचं काम सुरू झालं. जगभरातून माणसं जिथे फोटो काढायला येतात, तिथे एके काळी ट्राम रात्रीच्या मुक्कामाला जायच्या. हे ऐकल्यावर मी ऑपेरा हाऊस पुन्हा बघायला गेले. तेव्हा पांढऱ्या शिडांपेक्षा पायाखालच्या जमिनीकडेच जास्त बघत होते.

मुंबईची कहाणी याहून काय वेगळी? १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम, १९०७ मध्ये विजेची, पुढे दुमजली. आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा मुंबईकर निरोप द्यायला उभे होते. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, त्या गर्दीत होते. ते फार बोलायचे त्याबद्दल. एका आण्यात दादर टी.टी.हून थेट फोर्टात, खिडकीशी बसून, वारा खात. मला ट्राम आठवत नाही, मी तेव्हा पाळण्यात होते. पण दादांच्या बोलण्यातली ती खिडकी माझ्या डोक्यात पक्की बसलेली. फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी जमिनीखालून जुने रूळ निघाले, तेव्हा मी मुद्दाम जाऊन बघून आले होते. बोरीबंदरसमोर भाटिया बागेत एक जुना डबा मांडून ठेवलाय, तोही बघितला. पण तो जागचा हलत नाही. टाउन हॉलच्या थांब्यावर ट्राम हलत होती! खिडकी होती, वारा होता, घंटा होती. दादांना हे दाखवायला हवं होतं, एवढंच सारखं मनात येत होतं.

तीन वर्षांच्या अंतराने दोन्ही शहरांनी ट्राम मोडीत काढली. फरक एवढाच की एका शहराने ती परत आणली. आधी १९९७ मध्ये सेंट्रल स्टेशनहून एक छोटा मार्ग सुरू झाला, जुन्या मालगाडीच्या रुळांवरून जाणारा. २००७ साली सिडनी महापालिकेने यान गेल या डॅनिश वास्तुकाराकडून शहराच्या मध्यभागाचा अभ्यास करून घेतला, आणि त्याने सांगितलं की जॉर्ज स्ट्रीटवरून गाड्या काढा, तो पायी चालणाऱ्यांना द्या. आणि शहराने ते ऐकलं! मुख्य बाजारपेठेचा मुख्य रस्ता, त्यावरून गाड्या काढायच्या, हे म्हणजे आपल्याकडे लक्ष्मी रोडचा नाहीतर दादरच्या रानडे रोडचा विषय काढण्यासारखं. आपल्याकडेही काही प्रयत्न झालेत, पुण्यात लक्ष्मी रोडवर डिसेंबरात पादचारी दिन करतात. पण एक दिवस आणि कायमचं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सिडनी महापालिकेने या कामात स्वतःच्या पदरचे २२ कोटी डॉलर घातले. १४ डिसेंबर २०१९ रोजी सर्क्युलर की ते रँडविक ही ट्राम सुरू झाली. एप्रिल २०२० मध्ये किंग्सफर्डचा फाटाही सुरू झाला. एकूण १२ किलोमीटर, १९ थांबे.

हे सगळं सुखासुखी झालेलं नाही, आणि ते सांगितलं नाही तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. २०१२ साली १.६ अब्ज डॉलरचा अंदाज होता, प्रत्यक्षात खर्च ३.१ अब्जांच्या वर गेला. रस्ता खणला तर खाली नकाशात नसलेल्या वाहिन्या निघाल्या. काम रखडत गेलं. रस्त्यावरच्या छोट्या दुकानदारांसमोर वर्षानुवर्षं पत्र्याचं कुंपण उभं राहिलं. कित्येकांचा धंदा बसला, काहींनी कोर्टात धाव घेतली. रँडविकला गाड्या उभ्या करायच्या जागी खोदताना आदिवासींनी घडवलेली २० हजारांहून जास्त दगडी अवजारं सापडली आणि त्या जागेचं काय करायचं यावर मोठा वाद झाला. ज्यांनी हे सोसलं त्यांना ट्राम महागच पडली. मला त्याचं वाईट वाटतं, आणि तरीही मी म्हणेन की रस्ता करायला हवा होता. पुढची शंभर वर्षं लोक त्यावरून चालणार आहेत.

आता थांब्याविषयी, कारण खरा जीव माझा तिथेच गुंतलाय.

थांबा म्हणजे स्टेशन नव्हे. हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. स्टेशनात आपण शिरतो. जिना चढतो, बॅग तपासतो, गेटमधून जातो, पुन्हा जिना. या थांब्यात शिरावंच लागत नाही. रस्त्यावरून चालता चालता पायाखालची जमीन जरा उंचावते, इतकी हळूहळू की कळतही नाही, आणि तुम्ही फलाटावर असता. गेट नाही, भिंत नाही, पोलीस नाही. एक छप्पर, बसायला बाकं, पुढची गाडी किती मिनिटांत ते सांगणारा फलक आणि कार्ड टेकवायचे खांब. ओपल कार्ड नाहीतर साधं बँकेचं कार्ड टेकवायचं, टिंग, झालं तिकीट. उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. बाकी कुणी विचारत नाही.

आणि फलाटाची उंची! गाडीची जमीन आणि फलाट एका पातळीत. मधे फट एवढीशी. एकदा माझ्यासमोर विजेच्या खुर्चीतल्या एक बाई आल्या. एकट्या, मांडीवर भाजीची पिशवी. गाडी लागली, त्यांनी दाराचं बटण दाबलं, दार सरकलं, त्या सरळ आत गेल्या. कुणाला हाक मारली नाही, कुणी उठून फळी आणली नाही, कुणी मदतीला धावलं नाही, कारण मदतीची गरजच नव्हती. सगळं मिळून चार-पाच सेकंद. मी नातवाची बाबागाडी घेऊन त्यांच्या मागोमाग चढले. माझ्या आईचे शेवटचे दिवस चाकाच्या खुर्चीत गेले. तिला घराबाहेर काढायचं म्हणजे चार माणसं लागायची, आणि मग ती स्वतःच "राहू दे गं" म्हणायची. त्या बाईंनी पुढच्या थांब्यावर उतरताना माझ्याकडे बघून नुसतं हसून मान हलवली. त्यांच्या दृष्टीने ते रोजचंच होतं. एखाद्या शहराची श्रीमंती मोजायची असेल तर मी ती इथे मोजेन.

गाडीही दांडगी. जोडगाडीत ४५० माणसं मावतात, म्हणजे साधारण नऊ बसगाड्यांचा ऐवज. गर्दीच्या वेळी दर चार-पाच मिनिटांनी एक. संध्याकाळी पाच वाजता ऑफिसं सुटतात तेव्हा थांबा गजबजून जातो, पण रेटारेटी नाही. उतरणारे उतरतात, मग चढणारे चढतात. विरार लोकलमध्ये घडलेल्या बाईला हे बघताना काय वाटतं, ते मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

तिथले बरेच लोक ट्रामवर एकच ठपका ठेवतात, ती हळू चालते. हो, चालते हळू. पादचाऱ्यांच्या पट्ट्यात तर फारच जपून, घंटा वाजवत. चौकात पांढऱ्या टी अक्षराचा वेगळा सिग्नल लागला की मगच पुढे. पण ती माणसांमधून जाते! तिच्या वाटेवर मुलं आहेत, म्हातारी आहेत, फोनमध्ये मान घातलेली तरुण मंडळी आहेत. घाई असेल त्याने खालची लोकल पकडावी, मेट्रो पकडावी, ती वाऱ्यासारखी जाते. ट्रामचं काम वेगळं आहे. ती माणसाला रस्त्यापासून तोडत नाही. खिडकीतून दुकानाची पाटी वाचता येते, ओळखीचा चेहरा दिसला तर पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत येता येतं. दादा त्यांच्या खिडकीबद्दल जे सांगायचे ते हेच असणार.

टाउन हॉलच्या पायऱ्या ही सिडनीच्या तरुणाईची भेटायची जागा. "पायऱ्यांवर भेटू" म्हटलं की झालं. मोर्चेही तिथूनच निघतात. मी नातवाला घेऊन त्या पायऱ्यांवर बसायचे आणि ट्रामा बघायचे. तो दर गाडीला टाळ्या वाजवायचा. एकदा शेजारी दोन मुली चक्क मराठीत बोलत होत्या, परीक्षेचं काहीतरी. मला राहवलं नाही.

"कुठल्या गं तुम्ही?"

"अय्या काकू! मी सांगलीची, ही नाशिकची. तुम्ही?"

दोघी न्यू साउथ वेल्स विद्यापीठात शिकत होत्या. ट्राम त्यांच्या विद्यापीठाच्या दारात जाते, रँडविकची एका बाजूने आणि किंग्सफर्डची दुसऱ्या बाजूने. मी त्यांना पँटोग्राफ दाखवला. सांगलीची म्हणाली, "काकू, रोज याच ट्रामने जाते मी, पण हे कधी बघितलंच नव्हतं." मग जमिनीतली पट्टी दाखवली, पायघड्यांचं सांगितलं. दोघींनी व्हिडिओ काढला आणि घरी पाठवला. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू!

आणखी एक गंमत. माझी लेक राहते त्या वेस्टमीडहून आता दुसरी ट्राम निघते, पॅरामॅटा शहरातून कार्लिंगफर्डला जाणारी. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. वेस्टमीड, हॅरिस पार्क, पॅरामॅटा हा सगळा आपल्या लोकांचा पट्टा, गणपती-दिवाळीला तिथे घरासारखं वाटतं. या ट्रामलाही काही पट्ट्यांत वर तार नाही. पण तिथे जमिनीतली वीज नाही, गाडी सरळ बॅटरीवर चालते. टाउन हॉलची युक्ती कदाचित लवकरच जुनी म्हटली जाईल. म्हणून तर ती आत्ताच बघून घ्यायला हवी.

जॉर्ज स्ट्रीटच्या ट्रामने टाउन हॉलहून दक्षिणेला निघालात की चायनाटाउन, हेमार्केट, सेंट्रल, सरी हिल्स, आणि पुढचा थांबा मूर पार्क. मूर पार्क म्हणजे सिडनी क्रिकेट ग्राउंड! तेच ते मैदान, जिथे १९८६ मध्ये गावसकरांनी १७२ केल्या, १९९२ मध्ये रवी शास्त्रींनी २०६ आणि २००४ मध्ये सचिनने नाबाद २४१, कव्हर ड्राइव्ह मनावर ताबा ठेवून बाजूला सारत. जुन्या ट्रामही सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांना भरभरून तिथे न्यायच्या. मधे अर्ध्या शतकाहून जास्त काळ रूळ नव्हते, आता पुन्हा आहेत.

तेव्हा मुलांकडे सिडनीला जाणार असाल तर शक्यतो डिसेंबर-जानेवारीत जा. वर्षाच्या सुरुवातीला तिथे कसोटी असते. सकाळी टाउन हॉलच्या थांब्यावर जरा आधी पोहोचा, दोन-चार गाड्या नुसत्या जाऊ द्या, टपाकडे बघा, वाकून जमिनीकडे बघा. आणि मग रँडविकची येवो की किंग्सफर्डची, जी येईल तीत बसा. मूर पार्कला दोन्ही थांबतात.